‘नुसती सही’ मागणाऱ्या भाऊजींना

ती. भाऊजींस,



पत्र असं चारचौघांत उघडं लिहितेय म्हणून राग मानू नका. बंद पाकीट पाठवलं की ते ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत येतं. फोन लावला तर रिंग पुरी वाजून थांबते. व्हॉट्सअॅपवर तुमच्या हसऱ्या फोटोच्या जागी नुसता राखाडी गोळा दिसतो. अंकात छापून आलेलं मात्र तुम्ही नक्की वाचाल, कारण छापील नावाची हौस तुम्हाला पहिल्यापासून. तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लागला होता, आठवतं? वर ‘उद्योगरत्न’, मध्ये गॉगल लावलेले तुम्ही, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत आमच्या ह्यांचा पासपोर्ट साइज फोटो. ह्यांना विचारलं नव्हतंत. ‘विचारायचं काय त्यात, आपलाच माणूस,’ म्हणालात. हे तुमचं धोरण पुढे बँकेतही कामाला आलं.

आधी तुमच्या हुशारीचं कौतुक करते. बार्शीच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. हमीपत्रं, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा. पानामागे पैसे घेऊन दिवसभर हेच बडवत असते. तेव्हा फ्लेक्स-मशीनच्या कर्जाचे कागद घेऊन तुम्ही माझ्या दुकानी येणं शक्यच नव्हतं, आणि घरी येणंही धोक्याचं. मग तुम्ही ह्यांची शाळा सुटायची वेळ गाठलीत. फाटकाबाहेर ह्यांच्याच स्कूटीच्या सीटवर गठ्ठा ठेवलात. पोरं अंगावरून पळत होती. ‘सर, नुसती सही. जरा घाई आहे, मॅनेजर पाचला उठतो.’ प्रत्येक पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली. समोरच्याला वाचायचा त्रास पडू नये म्हणून केवढी ही काळजी! दिवसाला शंभर वह्यांवर सह्या करणारा माणूस, त्याने दोन मिनिटांत गठ्ठा संपवला. तुम्ही वर उसाचा रसही पाजलात, असं मला नंतर कळलं. पाच लाखांच्या जामिनकीला एक ग्लास रस, तोही बिनबर्फाचा.

त्या फुल्यांखाली काय लिहिलं होतं, हे तुम्हीही वाचलं नसेल. मी बँकेकडून नकला मागवल्या आहेत. पेन्सिल नकलेतही फिकी फिकी उमटली आहे.

एक फुली नाममात्र सभासदत्वाच्या अर्जावर आहे. सहकारी बँकेला सहकार कायद्याचा बडगा उगारायचा तर समोरचा माणूस सभासद असलेला बरा पडतो. म्हणून ह्यांना थोडंसं शुल्क घेऊन सभासद करून घेतलं. लाभांश नाही, मत नाही, वार्षिक सभेचं जेवण नाही. या सभासदत्वाचा फायदा एकालाच, तो म्हणजे बँकेला. दुसरी फुली हमीपत्रावर. तिसरी वचनचिठ्ठीवर, रेव्हेन्यू तिकिटावरून आडवी. तिच्यात ‘आम्ही सर्वजण मिळून व वेगवेगळे’ मागताक्षणी पैसे देऊ असं वचन आहे. म्हणजे हमीपत्रात हे जामीनदार आणि वचनचिठ्ठीत सरळ तुमच्या बरोबरीचे कर्जदार. पुढची पगारातून कपात करून घ्यायच्या संमतीवर. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ४९ त्यासाठीच आहे. आणि शेवटी दोन चेक. तारीख कोरी, रक्कम कोरी. जामीनदाराचा चेक वटला नाही तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ ची फौजदारी त्याच्यावरही होते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवलंय. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस संपायच्या आत एवढं सगळं उरकलं होतंत तुम्ही.

हमीपत्रातलं एक कलम मला फार आवडलं. कर्जदाराला मुदत वाढवून दिली, अटी बदलल्या, तारण सोडून दिलं, त्याच्याशी तडजोड केली, तरी या सगळ्याला जामीनदाराची आगाऊ संमती आहे असं समजावं! १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराच्या बचावासाठी १३३ पासून पुढे पाच-सहा कलमं घातली आहेत. ती या एका वाक्यात साफ. राणीच्या राज्यातल्या इंग्रजांना जामीनदाराची जेवढी कणव आली, तेवढी आपल्याच गावच्या बँकेच्या छापील फॉर्मला परवडलेली दिसत नाही.

तुम्ही ह्यांना म्हणाला होतात, ‘मी आहे ना! बँक आधी मला धरणार, मग गहाण मशीन, तुमच्यापर्यंत यायचा प्रश्नच नाही.’ अगदी हाच युक्तिवाद बिहारमध्ये एका जामीनदाराने केला होता, आणि खालच्या कोर्टाला तो पटलाही होता: आधी कर्जदाराकडून वसुली करा, तिथे काही हाती लागलं नाही तर मग जामीनदार. पाटणा उच्च न्यायालयानेही मान डोलावली. १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. जामीनदाराला असं मागे उभं करायचं तर जामीन घ्यायचाच कशाला, असा त्या निकालाचा रोख. करार कायद्याचं कलम १२८ तर त्याच्याही आधीपासून सांगतंय, की जेवढी कर्जदाराची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. कायद्याच्या लेखी इथे संन्यासी कुणी नाहीच, सही करणारे सगळे एकाच माळेचे मणी.

मग पुढे काय झालं, तुम्ही गावात नसल्यामुळे तुम्हाला कळलं नसेल. तुम्ही आठ हप्ते भरलेत. साडेअकरा हजारांच्या वरचा हप्ता, व्याज चौदा टक्के. त्या आठ हप्त्यांतून मुद्दल जेमतेम पन्नास हजारांनी उतरलं, बाकी सगळं व्याजात गेलं. नवव्याला तुम्ही थांबलात. बँकेने तुम्हाला नोटीस पाठवली, ती परत आली. आम्हाला पाठवली, ती पोचली. आमचं घर बंद नसतं ना. मग सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचं प्रकरण उभं राहिलं. तिथे गैरहजर तुम्ही, हजर आम्ही. दाखला निघाला तो सगळ्यांच्या नावाने. त्यातली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दाखला चुकीचा वाटला तर दाद मागता येते, पुण्याला विभागीय सहनिबंधकांकडे. पण कलम १५४ प्रमाणे आधी वसुलीच्या रकमेच्या निम्मे पैसे भरायचे, त्याशिवाय अर्ज दाखलच करून घेत नाहीत. व्याज, दंडव्याज, खर्च धरून आकडा तोवर साडेपाच लाखांच्या वर गेला होता. म्हणजे आपण हे पैसे का देणं लागत नाही, एवढं सांगण्यासाठी पावणेतीन लाख रोख मोजायचे. असे पैसे घरात असते तर तुम्ही आधी तेच उसने मागितले असतेत.

त्यानंतर शाळेत पत्र गेलं. मुख्याध्यापकांनी ह्यांना बोलावून ते वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. चांगला माणूस. पण शिपायाने टपालवहीत नोंद केलेली, क्लार्कने पगारबिलात कपात लावलेली, म्हणजे मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या स्टाफरूमला कळलेलं. तेव्हापासून दर महिन्याला ह्यांच्या पगारपत्रकात आयकर आणि भविष्य निर्वाह निधीच्या खाली तुमची आठवण छापून येते. नातेवाइकांनाही एवढी नियमित जागा कुणी देत नाही.

लेकीच्या प्रवेशाचंही सांगते. शैक्षणिक कर्जाला ह्यांना सहकर्जदार म्हणून घेऊन आम्ही एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी ह्यांचा सिबिलचा अहवाल काढला आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. तीनशे ते नऊशेच्या मोजपट्टीवर ह्यांचा स्कोअर सहाशेच्याही खाली. ह्यांच्या नावावर उभ्या आयुष्यात घराचं एक कर्ज, तेही मुदतीआधी फेडलेलं. त्याच्या खालच्या रकान्यात तुमचं कर्ज, खात्याचा प्रकार ‘जामीनदार’, आणि किती दिवस थकलंय त्याचे आकडे महिन्यामहिन्याने चढत गेलेले. साहेब म्हणाले, ‘सर, हे माहीत नव्हतं का? अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो की.’ हे गप्प बसले. लेक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. शेवटी माझ्या भावाने फी भरली. त्याला हे खरं कारण अजून सांगितलेलं नाही. आता वाचून कळेल.

धरणं धरावं असंही एकदा मनात आलं. पेशवाईत म्हणे धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा, मग ऋणकोच्याही गळ्याखाली घास उतरत नसे. वाकडच्या तुमच्या नव्या सोसायटीच्या फाटकापर्यंत मी आलेही होते. वॉचमनने विचारलं, कुठल्या फ्लॅटला. तुम्ही ॲपवर ‘नाकारा’ दाबलंत. तिथेच रस्त्यावर बसले असते, पण आमच्या दुकानी येणाऱ्या एका वकिलांनी कानउघाडणी केली. दुसऱ्यावर देवाचा कोप होईल अशी भीती घालण्यासाठी त्याच्या दारात धरणं धरणं हा १८६० च्या दंडसंहितेत कलम ५०८ खाली गुन्हा होता, उदाहरण म्हणून धरण्याचंच नाव तिथे छापलेलं. नव्या न्याय संहितेतही तो गुन्हा आहेच. बघा, पैसे बुडवून ॲपवर ‘नाकारा’ दाबणाऱ्याला पाणीसुद्धा लागत नाही, आणि उपाशी बसणारी आत जाते! एका अर्थी मला बरंच वाटलं. तुमच्यावर देव कोपेल अशी भीती तुम्हाला घालता येईल, हे कायद्याने निदान गृहीत तरी धरलंय.

फाटकाशी एक गोष्ट मात्र दिसली. तुमची पांढरी चारचाकी. चकाचक, नव्या टायरांची. चौकशी केली तेव्हा कळलं की तिचा हप्ता एकदाही चुकलेला नाही. यातच तुमचं सगळं अर्थशास्त्र आलं, भाऊजी, आणि ते मी कोर्टासमोर बसून फार जणांत पाहिलंय. गाडीचा हप्ता थकला तर फायनान्स कंपनीची माणसं भर रस्त्यात गाडी उचलून नेतात. फ्लॅटचा थकला तर दाराला नोटीस चिकटते. ही दोन कर्जं तुमची स्वतःची, म्हणून वेळेवर. जामिनकीचं कर्ज थकलं तर तुमचं काय जातं? एका मास्तरचा पगार आणि एका कंडक्टरची अब्रू. म्हणून ते रांगेत शेवटी. ‘पैसे नाहीत’ असं तुम्ही म्हणता तेव्हा त्याचा अर्थ ‘ह्यांच्यासाठी नाहीत’ एवढाच. आयजीच्या जिवावर बायजी उदार झाल्याचं ऐकलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी चारचाकीत फिरते, हे नवीन.

कंडक्टरचं नाव निघालंच आहे तर तुमच्या दुसऱ्या जामीनदारांबद्दल सांगते. ते गेले, हे तुम्हाला कळलं असेल. मातीला आला नव्हतात. एसटीत होते, नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले. तुम्हाला कदाचित वाटलं असेल की चला, एक तरी सुटला. तसं होत नाही. तुमचं कर्ज त्यांच्या हयातीत उचललेलं, त्याची हमी त्यांच्या मरणाने मिटत नाही. वारसांना जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरती ती त्यांच्यामागे येते. त्यांच्या बायकोला वैरागच्या शिवारातली दीड एकर मिळाली आणि तिच्याबरोबर बँकेची नोटीस.

ती बाई वैरागहून एसटीने माझ्या दुकानी आली. कागद गव्हाच्या पिठाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चारदा घडी घातलेला. मी वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘पर मालक तर गेलं. मग ही सई कुनी केली?’ मी सांगितलं, जायच्या आधी केली होती. ‘कशापायी?’ मित्रासाठी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली; मित्र कोण, हे तिने विचारलं नाही. मी उत्तराचा मसुदा टाइप केला, पैसे घेतले नाहीत, शाईचं पॅड पुढे केलं. भाऊजी, तिचा अंगठा पॅडवर टेकला, पण कागदाकडे काही जाईना. ‘ताई, ह्यात पैशे भराचं तर काई लिवलं न्हाई ना?’ सबंध उत्तर मी तिला दोनदा वाचून दाखवलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतलं. तेव्हा कुठे तिने अंगठा उठवला. तुमच्या कर्जाच्या सगळ्या व्यवहारात सही करण्याआधी कागद ऐकून घेणारी ही पहिली व्यक्ती.

आणि आता तुम्ही आम्हाला मिळवून दिलेला एक हक्क. करार कायद्याचं कलम १४६ म्हणतं, सहजामीनदारांनी बोजा सारखा वाटून घ्यायचा. सगळी रक्कम ह्यांच्या पगारातून गेली तर निम्मी त्या बाईकडून मागायचा आम्हाला अधिकार आहे. दीड एकरवाल्या विधवेच्या दारात जाऊन हिस्सा मागण्याचा अधिकार! असले हक्क मिळायला पुण्याई लागते. तो आम्ही वापरणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही जामीनदार निवडलेत ते हेच बघून.

खरं सांगायचं तर तुमचा धंदा बसला याचा आम्हाला राग नाही. धंदे बसतात. फ्लेक्सचं मशीन घेतलंत तेव्हा नगरपालिकेची निवडणूक आज होईल, उद्या होईल अशी हवा होती. पुढे राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, इच्छुकांनी वाढदिवस साजरे करणं सोडलं, आणि ज्यांनी केले त्यांनी बिलं दिली नाहीत. हे सगळं खरं असेल. पण पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन ‘जमत नाही, हप्ते पाडून द्या’ म्हणाला असतात तर चौदाशे कारणं विचारून का होईना, बँकेने काहीतरी केलं असतं. ह्यांच्याकडे येऊन ‘सर, दोन महिने सांभाळा’ म्हणाला असतात तर हे सांभाळणारे आहेत, मी आडवी आले असते तरी. तुम्ही काय केलंत? मशीन विकलंत. बँकेला नजरगहाण असलेलं मशीन, परस्पर! ते आता लातूरला दुसऱ्याच्या शटरमध्ये दुसऱ्यांचे वाढदिवस छापतंय. आणि ज्या दिवशी ते टेम्पोत चढलं त्याच रात्री तुम्ही आमच्याकडे जेवायला होतात. शेंगाभाजी दोनदा वाढून घेतलीत.

बँकेलाही मी सोडलेलं नाही, काळजी नसावी. गहाण मशीन वर्षभरात एकदाही कुणी बघायला गेलं नव्हतं. करार कायद्याचं कलम १४१ म्हणतं, धनकोने तारण हातचं घालवलं तर तेवढ्या किमतीपुरता जामीनदार मोकळा. यावर आमच्या वकिलांनी लेखी हरकत घेतली आहे. बँकेने मघाच्या त्या आगाऊ संमतीच्या कलमाकडे बोट दाखवलंय. निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण शाखाधिकाऱ्यांना मी तोंडावर विचारलं, की कर्ज देताना तुम्ही ह्या गृहस्थांची बिलं, वह्या, आयकराचे कागद बघितलेत का? ते म्हणाले, ‘मॅडम, दोन पगारदार जामीनदार होते ना.’ एवढ्या प्रांजळपणे कुठल्याच बँकेने स्वतःच्या कामाचं वर्णन केलं नसेल. कर्ज तुम्हाला दिलं, पण विश्वास टाकला तो दोन पगारपत्रकांवर. तुमचा चेहरा त्यांनी फक्त फोटो चिकटवायच्या चौकटीपुरता बघितला.

वाईट याचं वाटतं की ही पद्धत मुळात वाईट नव्हती. जी. डी. सी. अँड ए.च्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या नोट्स टाइप करताना तिचा इतिहास माझ्या हाताखालून गेलाय. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं. सावकार जमीन लिहून घ्यायचा आणि मग ती कधी सुटायची नाही. त्यावर उपाय शोधता शोधता सरकारने १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. त्याचा नमुना जर्मनीतला, रायफायझन नावाच्या माणसाचा: ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही त्याच्यासाठी गावातल्या माणसांनी एकमेकांच्या नावाने जबाबदारी घ्यायची. कारण कोण कसा आहे हे गावाला माहीत असतं. गरिबाकडे तारण म्हणून शेजारी असतो, असा तो सगळा हिशोब. तुम्ही तो नीट समजून घेतलात आणि शेजारी मोडीत काढलात.

ह्यांच्या शाळेतल्या शिपायाला परवा पन्नास हजार हवे होते. बायकोच्या गर्भाशयाचं ऑपरेशन, सरकारी योजनेत बसत नव्हतं. नोकरी कायम, व्यसन नाही, कर्मचारी पतपेढीत खातं, हवे होते फक्त दोन जामीनदार. स्टाफरूममध्ये चौदा पगारदार माणसं बसली होती. त्याने कागद टेबलावर ठेवला. कुणी मोबाइल बघायला लागलं, कुणाला तास आठवला. एकाने सरळ ह्यांच्याकडे बघून म्हटलं, ‘सरांचं काय झालं बघितलंय ना आपण.’ शिपायाने कागद घडी करून खिशात घातला आणि घंटा द्यायला गेला. शेवटी त्याने मंगळसूत्र सोनाराकडे ठेवून पैसे उचलले, महिना तीन टक्क्यांनी. तुमच्या पाच लाखांच्या कर्जाच्या थकबाकीत हे तीन टक्के बँकेने धरलेले नाहीत. मी धरले आहेत.

हे सही करणार होते, हेही सांगून टाकते. पेन काढलं होतं. पतपेढीच्या सचिवांनीच अडवलं, थकीत कर्जाचा जामीनदार त्यांना चालत नाही म्हणून. इतकं सगळं झाल्यावर ह्या माणसाचा हात खिशाकडे जातो! त्यावर घरी काय झालं ते छापण्याजोगं नाही.

तर आता कामाचं. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराने भरून द्यायची असते. ‘देईन’ असं तुम्ही तोंडाने म्हटलं नसलं तरी कायद्याने ते तुमच्या वतीने म्हणून ठेवलंय. कलम १४० प्रमाणे भरणा झाला की बँकेचे तुमच्यावरचे हक्क आमच्याकडे येतात. दाव्याची मुदत तीन वर्षं, आम्ही पैसे भरल्यापासून. तेवढा काळ वाकडच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून काढता येईल, असा तुमचा बेत असला तर मुदत संपायच्या पुष्कळ आधी दावा दाखल असेल. वकिलांची नोटीस या आठवड्यात पोस्टाने निघतेय. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला तरी कायदा ती पोचली असंच धरतो. तेव्हा घेतलीत तर निदान आत काय आहे ते तरी कळेल. पगारातून कपात झालेली रक्कम, तिच्यावरचं व्याज, निबंधक कार्यालयातला खर्च, सगळं सविस्तर दाखवलंय. मशीनच्या विक्रीबद्दल पोलिसांकडे काय करायचं, ते तुमच्या उत्तरावर ठरेल. नोटिसीच्या खर्चात टायपिंग धरलेलं नाही, ते घरचंच आहे.

मुलांना आशीर्वाद.

आपली,
वहिनी

ता. क. पत्र अंकासाठी पाकिटात घालता घालता आठवलं. तुमच्या गाडीच्या फायनान्स कंपनीतून काल एका मुलीचा फोन आला होता. तुम्ही म्हणे आता वैयक्तिक कर्ज मागितलंय, आणि संदर्भासाठी ह्यांचा नंबर दिलाय. ‘ह्यांना तुम्ही किती वर्षं ओळखता, व्यवहाराला कसे आहेत, दोन शब्द सांगाल का?’ हे शाळेत होते, फोन मी घेतला. मुलगी फार शांत स्वभावाची होती. सगळं ऐकून घेतलं तिने.